उद्याच्या हक्काचा आजचा सौदा

दिनांक ८ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात व्यावसायिक फुटबॉलच्या नऊ संघांचे चालक एकत्र जमले आणि त्या वर्षी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची त्यांनी आपापसांत क्रमाने वाटणी केली, तेव्हा ‘ड्राफ्ट’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या प्रथेचा पाया घातला गेला. आदल्या हंगामात सर्वांच्या मागे राहिलेल्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे पहिल्या निवडीचा मान होता, आणि त्यांनी विद्यापीठीय फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाचा पहिला मानकरी ठरलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर निवडला. पण त्याची वेतनाची अपेक्षा आपल्याला पेलणार नाही असे दिसताच ईगल्सनी त्याच्याशी वाटाघाट करण्याचा हक्क शिकागो बेअर्सच्या स्वाधीन केला आणि मोबदल्यात आर्ट बस हा आधीपासून या व्यवसायात असलेला खेळाडू घेतला. पुढे बेअर्सचे जॉर्ज हॅलस आणि बर्वँगर यांचेही जमले नाही, आणि ड्राफ्टच्या इतिहासातला हा पहिला तरुण एकही व्यावसायिक सामना न खेळता रबराच्या धंद्यात शिरला. म्हणजे निवडीचा अगदी पहिला हक्कच कसलेल्या खेळाडूच्या बदल्यात दिला गेला, आणि देणाऱ्याचेच त्यात हित झाले. निवडीचे हक्क जपावेत असे प्रतिपादन करू पाहणाऱ्याने, आणि मी तसे करणार आहे, या घटनेची नोंद आधी घेतली पाहिजे.

आपल्याकडच्या वाचकाला आयपीएलचा किंवा कबड्डीचा लिलाव परिचित आहे. तेथे खर्चाची मर्यादा सर्व संघांना सारखी असते आणि ज्याला जो खेळाडू हवा त्याने बोली वाढवीत जावे असा खुला मामला असतो. ड्राफ्टमध्ये बोली नाही. बत्तीस संघ, सात फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत आदल्या हंगामात सर्वांत दुबळा ठरलेला संघ प्रथम व विजेता संघ अखेरीस, असा त्याचा क्रम आहे. ही योजना ईगल्सचेच मालक बर्ट बेल यांनी मांडली, कारण उत्तम खेळाडूंचा ओघ विजयी आणि सधन संघांकडेच वाहत राहिला तर उरलेले संघ बुडतील आणि त्यांच्यामागोमाग सारी स्पर्धाच निर्जीव होईल, हे त्यांनी स्वतःच्या पराभूत संघाच्या अनुभवावरून ओळखले होते. दुष्काळाच्या वर्षी सरकारातून रयतेला बी-बियाण्यासाठी तगाई मिळावी, तसा हा हक्क दुबळ्या संघाला मिळतो. मात्र तगाईच्या रकमेवर जी बंधने असत तशी या हक्कावर फारशी नाहीत. तो हस्तांतरणीय आहे, या वर्षीचाच नव्हे तर पुढील वर्षांचाही, आणि या एका सवलतीतून आपल्या विवादाचा सारा विस्तार निघाला आहे.

हक्क देऊन खेळाडू घ्यावा म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी मुळीच नाही. हक्क हा वहीतला एक आकडा असतो. सामना जिंकून देतो तो मैदानावरचा माणूस, आणि त्या माणसाची उमेदीची वर्षे या अंगमोडू खेळात फार थोडी असतात. ज्या संघापाशी उत्तम क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, आहे आणि ज्याला विजयासाठी दोनच जागा भरून काढायच्या आहेत, त्याने तीन वर्षांनी कदाचित तयार होईल अशा एकवीस वर्षांच्या मुलाची वाट पाहत बसावे हा उपदेश दिसायला शहाणपणाचा असला तरी त्या संघाच्या आजच्या खेळाडूंवर तो अन्याय आहे. १९९९ साली सेंट लुइस रॅम्सनी दुसऱ्या आणि पाचव्या फेरीचा एकेक हक्क देऊन इंडियानापोलिस कोल्ट्सकडून मार्शल फॉल्क हा चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक घेतला, त्याच हंगामात ते विश्वविजेते ठरले, आणि पुढच्याच वर्षी फॉल्क साऱ्या लीगमधला सर्वांत मूल्यवान खेळाडू म्हणून गौरवला गेला. इतक्या अल्प मोलात इतके मोठे फळ पदरात पडल्याचे पाहिल्यावर हक्क जपणे हेच सदासर्वकाळ शहाणपण, असे कोणी म्हणू नये.

माझे म्हणणे याहून मर्यादित, पण मर्यादित असूनही ठाम आहे. निवडीचे हक्क हे संघाचे मूलधन आहे. ते देऊन कसलेला खेळाडू घेण्याचा अधिकार त्याच संघाला आहे ज्याने आपला मूळ गाभा स्वतःच्या निवडींतून आधी उभा केला आहे, आणि त्याच अधिकाऱ्याला आहे जो परतफेडीच्या दिवशी त्या दप्तरात हजर राहणार आहे. या दोन अटींपैकी एकही पुरी होत नसताना जे सौदे झाले त्यांचा इतिहास बहुतांशी हानीचा आहे.

प्रथम हक्काचे मोल कशात आहे ते पाहिले पाहिजे, कारण पुष्कळांचा समज असा असतो की हक्क म्हणजे केवळ आशा. प्रत्यक्षात तो एक स्वस्त करारनामा आहे. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा घालण्यात आली. ती तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती आणि २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख डॉलरपर्यंत गेली, पण मर्यादा ती मर्यादाच. एकाला अधिक दिले की दुसऱ्याला कमी उरते. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा आणि ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता, त्यांपैकी ५ कोटींची हमी होती; पुढच्याच वर्षी मालक आणि खेळाडू-संघटना यांच्या नव्या करारनाम्याने नवोदितांच्या वेतनाला लगाम घातला, तेव्हा त्याच क्रमांकावर आलेला कॅम न्यूटन चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाखांवर बांधला गेला. नवोदिताची चार वर्षे संघाला अल्प मोलात मिळावीत ही तरुणांच्या दृष्टीने न्याय्य व्यवस्था आहे असे मला वाटत नाही. परंतु ती आहे तोवर संघाच्या हिशेबात एका गुणी नवोदिताची किंमत त्याच्या गुणाइतकीच त्याच्या स्वस्ताईत असते, आणि निवडीचा हक्क देऊन टाकणारा संघ ही स्वस्ताईच देऊन टाकत असतो.

यामुळेच कसलेल्या खेळाडूची किंमत संघ दोनदा मोजतो. एकदा हक्कांच्या रूपाने त्याच्या जुन्या संघाला, आणि पुन्हा वेतनाच्या रूपाने त्या खेळाडूला. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी मार्च २०२२ मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सकडून रसेल विल्सन घेताना पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन आणि पाचव्या फेरीचा एक हक्क, शिवाय तीन खेळाडू दिले; त्यानंतर सहा महिन्यांच्या आत त्याच्याशी २४ कोटी ५० लाख डॉलरचा पाच वर्षांचा वाढीव करार केला; आणि मार्च २०२४ मध्ये, तो वाढीव करार लागू होण्याच्याही आधी, त्याला मुक्त केले, तेव्हा वेतनमर्यादेच्या हिशेबात सुमारे साडेआठ कोटी डॉलरांचा बोजा संघाच्या माथी तसाच राहिला. सिअ‍ॅटलने मिळालेल्या हक्कांतून चार्ल्स क्रॉस, बॉय माफे, डेव्हन विदरस्पून, डेरिक हॉल असे तरुण उभे केले. विल्सन हा सामान्य खेळाडू होता असे कोणी म्हणणार नाही. पण डेन्व्हरने विकत घेतले ते त्याचे सिअ‍ॅटलमधले गतवैभव, आणि गतवैभव हे हस्तांतरणीय नसते.

येथे एक आक्षेप हमखास येतो: नवोदिताची निवड म्हणजे अंधारातली उडी, कसलेला खेळाडू निदान परीक्षित असतो. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ड्राफ्टची अनेक वर्षांची दप्तरे तपासून दाखवून दिले की एकाच जागेसाठी लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघा खेळाडूंपैकी आधी निवडलेला अधिक चांगला ठरण्याची शक्यता शंभरात सुमारे बावन्न, म्हणजे नाणेफेकीहून किंचित अधिक, इतकीच असते. इतके निरीक्षक, इतक्या चाचण्या, इतका पत्रव्यवहार, आणि निष्पत्ती ही. पण ज्याअर्थी कोणालाच नीट दिसत नाही त्याअर्थी ज्याच्यापाशी संधी अधिक त्याचेच पारडे जड, हा निष्कर्ष त्यातून निघतो. आणि बहुसंख्य हक्क एका माणसावर लावून मोकळे होणे हा त्याच्या नेमका उलटा मार्ग आहे. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र तपासून घ्यावा असाच आहे. परीक्षित खेळाडूचे शरीर परीक्षित नसते. न्यूयॉर्क जेट्सनी २०२३ मध्ये ग्रीन बे पॅकर्सना हक्क देऊन एकोणचाळीस वर्षांचा अ‍ॅरन रॉजर्स आणला, आणि ११ सप्टेंबर रोजी पहिल्याच सामन्यात, त्याच्या चौथ्याच डावाला, त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटून तो हंगाम त्याच्यापुरता संपला.

याहून महत्त्वाची गोष्ट काळाच्या मोलाची आहे, आणि या विषयाचे मर्म मला तेथेच दिसते. या बाजारात अशी वहिवाट पडली आहे की या वर्षी दुसऱ्या फेरीचा हक्क हवा असेल तर पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा द्यावा. एक वर्ष थांबण्याची किंमत म्हणजे एक संपूर्ण फेरी. मॅसी आणि थेलर यांनी या वहिवाटीतले व्याज मोजले तेव्हा ते वर्षाला शेकडा शंभराच्याही वर निघाले. कोणताही विवेकी गृहस्थ या दराने कर्ज काढणार नाही. मग चतुर, हिशेबी, पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात मुरलेल्या मालकांचे नोकर ते का काढतात? कारण कर्ज काढणारा एक असतो आणि फेडणारा दुसरा. ज्या व्यवस्थापकाला पुढच्या हंगामाअखेर आपली खुर्ची शाबूत राहील की नाही याची शाश्वती नाही, त्याच्या दृष्टीने तीन वर्षांनंतरच्या हक्काचे मोल शून्यच असते, आणि शून्य मोलाची वस्तू देऊन एखादा नामांकित खेळाडू मिळत असेल तर तो सौदा त्याला स्वतःपुरता फायद्याचाच वाटणार. त्याला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. त्याची नेमणूकच त्याला तसे वागायला लावते.

जॉर्ज अ‍ॅलन यांचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी महत्त्वाचे वाटत आले आहे, कारण त्यात यशही आहे. १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारल्यावर भविष्यकाळ म्हणजे आजच, ही आपली घोषणा त्यांनी अक्षरशः अमलात आणली. हक्कांमागून हक्क देऊन त्यांनी बिली किल्मर यांच्यासारखे वयस्क, मुरलेले खेळाडू गोळा केले आणि १९४५ पासून एकदाही बाद फेरीत न पोचलेल्या त्या संघाला पहिल्याच वर्षी तेथे नेले. दुसऱ्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला आणि तो अपराजित राहिलेल्या मायामी डॉल्फिन्सकडून १४-७ असा हरला. सात हंगामांत ६७ विजय, ३० पराभव, एक बरोबरी, आणि पाच वेळा बाद फेरी: हा लेखाजोखा कोणालाही अभिमान वाटावा असा आहे. पण विजेतेपद त्यात एकही नाही. १९६८ नंतर वॉशिंग्टनने पहिल्या फेरीत खेळाडू निवडला तो थेट १९८० साली, आर्ट मंक. अ‍ॅलन यांना जाऊन तोवर दोन वर्षे उलटून गेली होती. वॉशिंग्टनच्या प्रेक्षकाला त्या सात वर्षांनी आनंद दिला यात शंका नाही, आणि तरीही वयस्क खेळाडूंनी भरलेला संघ शिखराच्या एक पायरी अलीकडेच थांबला याचे कारण मला योगायोगात सापडत नाही.

१९६८ मध्ये निवडला गेलेला वॉशिंग्टनचा तो खेळाडू, जिम ‘याझू’ स्मिथ, पहिल्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यात मानेला इजा होऊन कायमचा निकामी झाला, आणि त्याने ड्राफ्टवरच दावा लावला: माझ्या श्रमाची किंमत ठरवायला एकच गिऱ्हाईक उरेल अशी ही व्यवस्था स्पर्धाविरोधी आहे, असे त्याचे म्हणणे होते. १९७८ साली अपील न्यायालयाने ड्राफ्टच्या तेव्हाच्या स्वरूपापुरते ते मान्य केले. आज ही प्रथा टिकून आहे ती खेळाडू-संघटनेने करारनाम्याने तिला संमती दिली म्हणून. हक्क, सौदा, मोबदला असे शब्द वापरीत मी हा लेख लिहीत आहे आणि विषयाच्या सोयीसाठी ते अपरिहार्यही आहे. पण ज्याच्याविषयी हे शब्द वापरले जातात त्या तरुणाला आपण कोणत्या गावी राहणार हेदेखील विचारले जात नाही, हे मला सलते.

हक्क राखण्याच्या बाजूचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १२ ऑक्टोबर १९८९ चे. डॅलस काउबॉइज त्या वेळी पाचही सामने हरून बसले होते आणि त्यांच्यापाशी मोलाची म्हणता येईल अशी एकच वस्तू होती: हर्शेल वॉकर. नवे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी आपला हा एकमेव मोहरा मिनेसोटा व्हायकिंग्जला दिला आणि पाच खेळाडू व अनेक सशर्त हक्क घेतले. मिनेसोटाची समजूत अशी होती की डॅलसला खेळाडू हवे आहेत. शर्त अशी होती की खेळाडू काढून टाकले तर हक्क मिळतील, आणि जॉन्सन यांचा डोळा प्रथमपासून हक्कांवरच होता. पहिल्या फेरीचे तीन, दुसऱ्या फेरीचे तीन, आणि आणखी काही. त्यांपैकी एकाच्या आधाराने पुढे सरकून त्यांनी १९९० मध्ये सतराव्या क्रमांकावर एमिट स्मिथ घेतला, ज्याने पुढे १८,३५५ यार्ड धावून त्या खेळाचा सर्वकालीन विक्रम केला. इतर हक्कांच्या आधाराने रसेल मेरिलंड आणि डॅरन वुडसन आले. १९८९ मध्ये एकच सामना जिंकणारा तो संघ १९९२, १९९३ आणि १९९५ च्या हंगामांत विश्वविजेता झाला. वॉकर मिनेसोटात असेतो तो संघ बाद फेरीत एकही सामना जिंकला नाही. या कथेतले एक सत्य मात्र तिच्या प्रसिद्धीखाली झाकले जाते. हक्क मिळवणे हे जॉन्सन यांचे निम्मे काम होते. त्या हक्कांतून कोणाला घ्यायचे याची पारख, आणि वेळ आली की दोन हक्क देऊन एक वरचा घेण्याचे धाडस, हे उरलेले निम्मे.

ते उरलेले निम्मे ज्यांच्यापाशी नसते त्यांची अवस्था क्लीव्हलंड ब्राउन्सनी दाखवली, आणि दुर्दैवाने दोन्ही टोकांनी दाखवली. २०१६ मध्ये दुसऱ्या क्रमांकाचा हक्क ईगल्सना देऊन त्यांनी पुढचे हक्क साठवण्याचे धोरण आरंभले, आणि त्या वर्षी एक व पुढच्या वर्षी शून्य असे दोन हंगामांतल्या बत्तीस सामन्यांत एकच विजय मिळवला. ज्या अधिकाऱ्याने हा संचय केला त्याला त्याचा पुरता विनियोग करण्यापूर्वीच काढून टाकण्यात आले. तरीही संचय फुकट गेला नाही. त्यातून आणि त्या पराभवांतून मायल्स गॅरेट आला, बेकर मेफिल्ड आला, आणि जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्गचा ४८-३७ असा पराभव करून संघाने सव्वीस वर्षांनी बाद फेरीचा सामना जिंकला. एवढे कष्टाने उभारलेले असताना, अवघ्या चौदा महिन्यांनी, त्याच संघाने डिशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि इतर तीन हक्क ह्यूस्टनला दिले व त्याला २३ कोटी डॉलरची पूर्ण हमी दिली. मेफिल्डला एका सशर्त पाचव्या फेरीच्या हक्कावर घालवले. वॉटसनवर त्या वेळी गंभीर आरोप होते आणि अकरा सामन्यांची बंदी त्याने भोगली. सौद्याचा नैतिक भाग वेगळाच आहे आणि तो मला क्षम्य वाटत नाही. पण केवळ हिशेब म्हणून पाहिले तरी, दोन वर्षांचे हाल सोसून जमवलेली पुंजी एका माणसावर उधळताना पोचण्याआधीच पोचल्याचा जो भ्रम झाला, तोच या विषयातला सर्वांत महागडा भ्रम होय.

आता माझ्या मताच्या विरोधातले सर्वांत प्रबळ उदाहरण. लॉस एंजेलिस रॅम्सनी २०१६ मध्ये जॅरेड गॉफ निवडल्यानंतर २०२३ पर्यंत पहिल्या फेरीत एकदाही निवड केली नाही. त्यांचे व्यवस्थापक लेस स्नीड यांनी पहिल्या फेरीचे दोन हक्क देऊन जेलन रॅमझी आणला. गॉफ, पहिल्या फेरीचे आणखी दोन आणि तिसऱ्या फेरीचा एक हक्क डेट्रॉइटला देऊन मॅथ्यू स्टॅफर्ड आणला. २०२१ चा हंगाम चालू असतानाच दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचे हक्क देऊन व्हॉन मिलर आणला. आणि १३ फेब्रुवारी २०२२ रोजी स्वतःच्याच मैदानावर सिनसिनाटीला २३-२० असे हरवून विजेतेपद मिळवले. हे पाहून अनेकांनी हक्क निरर्थक असल्याचा निर्वाळा दिला. पण त्या सामन्यात विजयाचा निर्णायक झेल घेणारा आणि सामन्याचा मानकरी ठरलेला कूपर कप हा रॅम्सनीच २०१७ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेला होता, आणि सिनसिनाटीचा अखेरचा प्रयत्न मोडून काढणारा अ‍ॅरन डॉनल्ड २०१४ च्या पहिल्या फेरीतला. गाभा घरचा होता. बाहेरून आणले ते उरलेले. शिवाय खालच्या फेऱ्यांकडे स्नीड यांनी पाठ फिरवली नाही. २०२३ मध्ये पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर, त्यांनी निवडलेल्या पुका नाकुआने पहिल्याच हंगामात १०५ झेल आणि १,४८६ यार्ड अशी नवोदिताची विक्रमी कामगिरी केली. आणि डेट्रॉइटचेही नुकसान झाले नाही, याचे मला विशेष वाटते. मिळालेल्या हक्कांची पुढे अदलाबदल करीत त्यांनी जेमसन विल्यम्स, जमिर गिब्ज, सॅम लापोर्टा असे तरुण जमवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये गॉफच्याच नेतृत्वाखाली स्टॅफर्डच्या रॅम्सना २४-२३ असे हरवून बत्तीस वर्षांनी बाद फेरीतला विजय पाहिला. एक संघ पिकलेला होता, दुसरा पेरणीच्या अवस्थेत. दोघांनीही आपापली अवस्था अचूक ओळखली.

बास्केटबॉलच्या लीगमध्ये लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकण्यास मनाई आहे. क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सचे तेव्हाचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या सुमारास आपल्या संघाचे भवितव्य ज्या वेगाने विकले त्यातून तो नियम जन्मला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. फुटबॉलमध्येही असे बंधन असावे असे मला एके काळी मनापासून वाटे. आज वाटत नाही, कारण त्या बंधनाने रॅमझी आणि स्टॅफर्ड यांचे सौदेही अडले असते आणि डेट्रॉइटचा पुनर्जन्मही. उपाय मालकाच्या हाती आहे. संघात कायम राहतो तो एकटाच. व्यवस्थापक आणि प्रशिक्षक येतात-जातात. दोन वर्षांनंतरचा हक्क ज्याच्या सहीने जाणार, त्याची नेमणूक त्या वर्षापर्यंत पक्की करावी, नाहीतर त्या सहीला मान्यता देऊ नये, एवढी साधी शर्त मालकाने आपल्या दप्तरात घालून घेतली तर निम्मे सौदे टेबलावरच मोडतील आणि जे उरतील ते बहुधा करण्याजोगेच असतील. रॅम्सच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. स्नीड २०१२ पासून आणि प्रशिक्षक शॉन मकव्हे २०१७ पासून त्या जागी होते. विजेतेपदानंतरच्या हंगामात संघ पाच विजय आणि बारा पराभव अशा गर्तेत गेला, त्या वर्षीचा सहाव्या क्रमांकाचा मोलाचा हक्क डेट्रॉइटच्या खात्यात जमा झाला, आणि ते देणे ज्यांनी केले होते त्यांनीच, कोणाकडे बोट न दाखवता, पुढच्या वर्षी तरुणांना घेऊन संघ नव्याने बांधायला घेतला. एप्रिल २०२४ मध्ये स्नीड यांनी आठ वर्षांनी प्रथमच पहिल्या फेरीचा स्वतःचा हक्क वापरला आणि एकोणिसाव्या क्रमांकावर जॅरेड व्हर्स घेतला. त्या हंगामातला बचावफळीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला.